आठवडाभर होल मोजले, मग ड्रिल घेतलं

पुनावळ्याला चौदाव्या मजल्यावर किचनचं काम होतं. खालचे बॉक्स आदल्या दिवशी बसवून झालेले, त्या दिवशी फक्त वरचे पाच ओव्हरहेड टांगायचे होते, दोन तासांचं काम धरून गेलो होतो. हातात नवीन कॉर्डलेस ड्रिल, म्हणजे बॅटरीवरचं, तीन आठवड्यांपूर्वी घेतलेलं, बॉडीवर मोठ्या अक्षरात ४८ व्ही लिहिलेलं. इम्पॅक्टवर टाकलं, ८ एमएमचा बिट लावला, भिंतीला टेकवून दाबलं. वरचा पुट्टीचा थर गेला आणि पुढे बिट जागेवरच फिरायला लागला. अंगाचा भार देऊन दाबलं तर मशीन थांबायचं, सोडलं की परत फिरायचं, दहा-बारा मिनिटांत जेमतेम दीड सेंटिमीटर आत गेलं असेल. बॅटरीला हात लावला तर चटका बसला. दुसरी बॅटरी लावली, तीच गत. त्यात घरमालकीण ताई दोनदा येऊन बघून गेल्या, गुरुवारी वास्तुशांत होती त्यांची, भटजी सांगून झालेले, आणि सोसायटीत एक ते तीन ड्रिलिंग बंद म्हणून वॉचमन सव्वाबारालाच सांगून गेला. शेवटी बाराव्या मजल्यावर फॉल्स सिलिंगचं काम चालू होतं त्या पोरांकडून वायरवाला हॅमर, म्हणजे ठोके मारणारं ड्रिल, मागून आणला आणि तीननंतर पाऊण तासात सगळे होल झाले.

त्या दिवशी घरी येताना मनाशी ठरवलं की आता पुढचं मशीन कुणी सांगितलं म्हणून घ्यायचं नाही, नीट समजून घ्यायचं. पुढे दीड महिना जे केलं ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्या लाइनमधली बरीच पोरं दर सहा महिन्याला दोन-तीन हजारांचं मशीन घेतात, जाळतात, परत घेतात, आणि त्यात चांगल्या मशीनचे पैसे कधी जातात कळत पण नाही.

आधी माझं काम सांगतो, कारण ते समजल्याशिवाय बाकीचं समजणार नाही. मी मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबचं फिटिंग करतो, सोळा वर्षं झाली, पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हीकडे. कटिंग आणि एज बँडिंग फॅक्टरीत होऊन माल येतो, आम्ही साइटवर बॉक्स जोडतो, बिजागऱ्या बसवतो, ड्रॉवरचे चॅनेल लावतो, टांगतो, लेव्हल करतो. हे कॉर्डलेस घेईपर्यंत सगळं वायरच्या ड्रिलवर केलं. वायरवालं मशीन वाईट नाही, ताकद आजही त्यालाच जास्त आहे, पण नवीन फ्लॅटमध्ये मीटर लागलेला नसतो, लॉबीतून एक्स्टेंशन ओढावं लागतं, ते दुसरा कुणी काढून टाइल कटर लावतो, आणि शिडीच्या घोड्यावर चढून बॉक्सच्या आत मान घालून स्क्रू मारताना वायर कशात ना कशात अडकतेच. एकदा हेल्परचा पाय वायरमध्ये अडकून कपाटाचं अख्खं शटर, म्हणजे दार, खाली आलं, लॅकर फिनिशचं होतं, साडेचार हजाराचं नुकसान. तेव्हापासून कॉर्डलेस घ्यायचं डोक्यात होतं आणि बाजारात एकाने दोन बॅटऱ्या, चार्जर, बिटचा सेट, पेटी सगळं मिळून २८०० ला दिलं ते मी घेतलं. घेताना बघितलं काय तर फक्त व्होल्ट. शेजारी बॉशचं १८ व्होल्टचं होतं, त्याच्या तिप्पट किमतीचं, मला वाटलं ४८ म्हणजे जवळजवळ तिप्पट ताकद आणि पैसे एक तृतीयांश.

माझा भाचा औंध आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड करतो. तो रविवारी घरी आला होता, त्याला ती बॅटरी दाखवली. म्हणाला, मामा खोलून बघूया का. स्क्रू काढले तर आत पाच सेल, ते पेन्सिल सेलपेक्षा जरा मोठे असतात ते, १८६५० म्हणतात त्यांना. एक सेल ३.६ व्होल्टचा, पाच एकापुढे एक जोडलेले म्हणजे १८ व्होल्ट. फुल चार्ज केला की प्रत्येक सेल ४.२ पर्यंत जातो म्हणजे पाचाचे २१. त्याने मीटर लावून दाखवलं, २०.४ आला. मग ४८ कुठून आला? कुठूनच नाही, बॉडीवर छापलेला आकडा आहे तो. असे ८८ व्ही, १२८ व्ही एफ लिहिलेले पण मिळतात, आणि आत बघाल तर बहुतेक वेळा तेच पाच सेल असतात. तुम्ही स्वतः सेल मोजा, पाच असले तर १८ व्होल्टचं मशीन, तीन असले तर १२ चं. ते १२ पण खरं म्हणजे १०.८ आहे, तीन गुणिले ३.६, पूर्वी बॉशवाले तेच १०.८ लिहायचे आणि नंतर १२ लिहायला लागले. डिवॉल्टचं २० व्होल्ट मॅक्स आणि बाकीच्यांचं १८ हे पण एकच, एक फुल चार्जचा आकडा आहे आणि एक चालू असतानाचा. हे कळल्यावर निम्मा गोंधळ संपला माझा, कारण कामाच्या माणसासाठी दोनच गट उरले, १२ चा आणि १८ चा.

(बॅटरी खोलायची तर माहितगार माणूस बरोबर असू द्या, स्क्रूड्रायव्हर आत घसरून दोन टोकं जोडली गेली तर ठिणगी पडते आणि सेल पेटू पण शकतो. भाच्याने पहिल्यांदा सेलवर टेप लावली मगच पुढे हात लावला.)

मग भाच्यानेच एक विचारलं ज्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मामा तू दिवसाला किती होल मारतोस आणि कशात मारतोस? मी म्हणलं, खूप. तो म्हणाला, खूप म्हणजे किती? सोळा वर्षं काम करतोय आणि आकडा माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून खिशात छोटी वही ठेवली. हेल्परला पण सांगितलं, प्रत्येक बॉक्स झाला की रेघा मार. आठ दिवस मोजलं, त्यात दोन किचन आणि तीन वॉर्डरोब झाले. आलं ते असं: प्लाय आणि बोर्डात स्क्रू साधारण ११४०, त्यातले बहुतेक ३५ आणि ५० चे काळे जिप्सम स्क्रू आणि बिजागरी-चॅनेलचे १६ चे. पायलट होल, म्हणजे स्क्रूच्या आधी मारायचे बारीक, ३ एमएमचे चारशेच्या वर. बिजागरीचे ३५ एमएमचे कप, म्हणजे बिजागरी बसते ते गोल खड्डे, ५४, हे जास्तीचे, म्हणजे फॅक्टरीत राहिलेले किंवा पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, शटर बदललेले. हँडलचे होल ६०. आणि भिंतीत होल फक्त ७०, त्यातले ४० च्या वर काँक्रीटच्या भिंतीतले.

हे बघून मी बराच वेळ वही धरून बसलो होतो. मी मशीन निवडताना सगळा विचार भिंतीचा केला होता, आणि माझ्या कामात भिंत शंभरातली चार-पाच होलं. बाकी सगळं लाकूड, आणि त्यातही ड्रिलिंगपेक्षा स्क्रू जास्त. म्हणजे मला स्क्रू मारणारं मशीन पाहिजे होतं आणि मी भिंत फोडणारं शोधत होतो, आणि मिळालेलं ते धड भिंतही फोडत नव्हतं आणि स्क्रूही नीट मारत नव्हतं. स्क्रूचं असं की त्या स्वस्तातल्या मशीनवर क्लचचे, म्हणजे किती जोर लागला की मशीनने थांबायचं त्याचे, आकडे छापलेले होते १ ते १८, पण ३ वर ठेवा नाहीतर १२ वर, फरक काही पडायचा नाही. प्लायमध्ये चाललं एक वेळ, पण पार्टिकल बोर्डमध्ये बिजागरीचा १६ चा स्क्रू एकदा जास्त फिरला की भुसा होतो आत, पकड जाते, मग काडीपेटीची काडी आणि फेविकॉल घालून परत मारा. पार्टीला दिसत नाही पण सहा महिन्यांनी शटर लोंबायला लागलं की फोन आपल्यालाच येतो.

भिंतीबद्दल जरा जास्त लिहितो कारण इथेच सगळे फसतात. पुण्यात आता एकाच दिवशी चार प्रकारच्या भिंती भेटतात. पेठेतल्या जुन्या घरात लाल वीट, चुन्याचं नाहीतर जाड सिमेंटचं प्लास्टर, तिथे कुठलंही इम्पॅक्ट ड्रिल लोण्यासारखं जातं, उलट विटेचा तुकडाच निघायची भीती. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या सोसायट्यांत वीटच पण मधे मधे कॉलम-बीम लागतात. मग सिपोरेक्स, म्हणजे ते पांढरे हलके ब्लॉक, एएसी म्हणतात. ते इतके मऊ असतात की इम्पॅक्ट अजिबात लावायचं नाही, साध्या ड्रिलवर होल मारायचं, नाहीतर ८ चं होल १० चं होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचा प्लग, गरागरा फिरते, आणि गिट्टी पण नेहमीची नको, लांब नायलॉनची घ्या. आणि चौथी भिंत मायवानची. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकदमच ओततात, अख्खा फ्लॅट काँक्रीटचा, विटेचा तुकडा नाही कुठे. वाकड, पुनावळे, रावेत, हिंजवडी, तिकडच्या कितीतरी नवीन टॉवरमध्ये हेच आहे. पुनावळ्याची ती भिंत मायवानची होती.

आता इम्पॅक्ट ड्रिल तिथे का हरतं ते भाच्याने कागदावर काढून दाखवलं तेव्हा कळलं. इम्पॅक्ट ड्रिलच्या आत दातेरी दोन चकत्या असतात, एकमेकींवरून घसरताना चक, म्हणजे पुढचा बिट धरणारा भाग, मागेपुढे थरथरतो, मिनिटाला पंचवीस-तीस हजार वेळा, पण प्रत्येक ठोका अगदी बारीक आणि त्यात तुम्ही मागून किती दाबता त्यावर सगळं. हॅमरमध्ये आत पिस्टन असतो, हवा दाबून तो ठोका मारतो, मिनिटाला चारेक हजारच, पण एकेक ठोका दणदणीत, आणि तुम्ही दाबायची गरजच नाही, नुसतं धरायचं. बिटपण वेगळा, खोबणीवाला एसडीएस, चकमध्ये आवळायचा नसतो, खट्कन बसतो. ज्याला आपण सगळे टू-ट्वेंटी, टू-ट्वेंटी सिक्स म्हणतो तो हाच हॅमर. काँक्रीटमध्ये इम्पॅक्ट ड्रिल दहा मिनिटं घेतं ते हा तीस-चाळीस सेकंदात करतो. म्हणून माझं मत ठाम झालंय की ज्याचं काम मायवानमध्ये आहे त्याने ड्रिलमधल्या इम्पॅक्टवर एक रुपया जास्त घालू नये, वेगळा हॅमर घ्यावा, सेकंडहँड चालेल, वायरवाला चालेल.

यानंतर मी यादी केली नाही पण डोक्यात पक्कं झालं की १२ की १८ हे हातात धरून ठरवायचं. चिखलीला एक फिटर मित्र आहे, त्याच्याकडे १२ व्होल्टचं छोटं ड्रिल होतं, दोन दिवस मागून घेतलं. काय हलकं! बॅटरीसकट किलोभर फक्त, बॉक्सच्या आत कोपऱ्यात पण जातं, ओव्हरहेडच्या कामाला हात दुखत नाही. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ३० न्यूटन मीटर लिहिलेला, ३५ चे स्क्रू तर फटाफट, ५० चे पण पायलट मारून गेले. पण बिजागरीचा ३५ चा कप मरीन प्लायमध्ये मारायला घेतला तर हाय गिअरला अडकायचं, लो गिअरला जायचं पण हळू, आणि सलग दहा-बारा कप मारले की बॉडी गरम. आणि बॅटरी दुपारपर्यंत संपायची. हिशोब सोपा आहे, व्होल्ट गुणिले एएच (अँपिअर अवर) म्हणजे बॅटरीत किती माल भरलाय ते. १०.८ गुणिले २ म्हणजे २१.६ वॉट अवर, आणि १८ गुणिले २ म्हणजे ३६. बॅटरीवर दोन्हीकडे २ एएच लिहिलेलं असतं म्हणून सारखी वाटते, पण १८ वालीत दीडपटीच्या वर माल भरलाय. ज्याचं नुसतं पडद्याचे रॉड, ब्लाइंड, दुरुस्ती, बिजागरी बदलणं असं काम आहे त्याने १२ च घ्यावं, मनापासून सांगतो, १८ चं ओझं कशाला. मला रोज दीडशे स्क्रू आणि वर कप मारायचे होते म्हणून १८ कडे गेलो.

मग एक गुरुवार काम बंद ठेवून रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. जाताना पिशवीत १८ एमएम मरीन प्लायचे दोन तुकडे, एक पार्टिकल बोर्डचा तुकडा, मूठभर ३५ आणि १६ चे स्क्रू, आणि एक लांब सरळ ६ चा बिट घेऊन गेलो. पहिल्या दुकानात ट्रायल नाही म्हणाले, तिथून निघालो. दुसऱ्यात काउंटरवर म्हातारे शेठ होते, त्यांना सांगितलं, शेठ मला आज मशीन घ्यायचं आहे पण स्क्रू मारून बघणार. ते म्हणाले, बघ की भाऊ, डेमो पीस आहे, त्याच्यावर काय पाहिजे ते कर. तास-सव्वा तास तिथे होतो, चहा पण पाजला त्यांनी.

काय बघितलं ते सांगतो. पहिलं चक. लांब बिट लावून एकदम हळू फिरवलं आणि टोकाकडे बघितलं, टोक गोल गोल डोलत असेल तर चक वाकडा, बारीक होल नीट येणारच नाही. एका मशीनमध्ये चांगलंच डोलत होतं, ते बाजूला ठेवलं. दुसरं ट्रिगर. अगदी थोडं दाबल्यावर किती हळू फिरतं हे बघायचं, कारण स्क्रूचं टोक बसवताना सुरुवात हळू लागते, स्वस्त मशीन एकदम झटका मारून सुरू होतं आणि बिट स्क्रूवरून घसरून लॅमिनेटवर ओरखडा. तिसरं क्लच, पार्टिकल बोर्डमध्ये १६ चा स्क्रू २ वर, ४ वर, ६ वर मारून बघितला, चांगल्या मशीनमध्ये प्रत्येक आकड्याला फरक जाणवतो, कट्कट् आवाज करून बरोबर थांबतं. चौथं मागून पुढपर्यंत लांबी. इम्पॅक्टवाल्या मॉडेलची लांबी बिनइम्पॅक्टवाल्यापेक्षा थोडी जास्त येत होती, ऐकायला काहीच वाटत नाही पण ३० सेंटिमीटर रुंदीच्या बॉक्समध्ये बिट आणि स्क्रू धरून मशीन आडवं बसवायचं असतं तेव्हा तेवढ्यातच अडतं.

शेठनी मला एक गोष्ट शिकवली. टॉर्कचा आकडा बघताना दोन आकडे असतात, हार्ड आणि सॉफ्ट, पेटीवर मोठ्ठा छापतात तो हार्डचा. हार्ड म्हणजे लोखंडात बोल्ट आवळल्यासारखं एकदम अडतं तिथे, सॉफ्ट म्हणजे लाकडात हळूहळू घट्ट होत जातं तिथे. आपलं काम लाकडाचं, म्हणजे आपला आकडा सॉफ्टचा. मी जे घेतलं त्याच्या पुस्तिकेत ५० आणि २७ असं दिलंय. पेटीवर नुसता ५० बघून दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टशी तुलना केली तर सगळं चुकतं. हे सोळा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

इम्पॅक्ट ड्रायव्हर हा शब्द पण तिथेच उलगडला. इम्पॅक्ट ड्रिल वेगळं आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर वेगळा, बरीच पोरं एकच समजतात आणि चुकीचं घेऊन येतात. ड्रायव्हर बुटका असतो, पुढे चक नसतो, पाव इंची सहा कोनी बिट बसतो, आणि जोर लागला की फिरण्याच्या दिशेने टकटक ठोके देतो. लांब स्क्रू, लोखंडी सेक्शनमध्ये सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, शेडवर पत्रे, तिथे तो राजा. पण त्याला ड्रिलसारखा क्लच नसतो, मी शेठच्या दुकानात पार्टिकल बोर्डमध्ये एक स्क्रू मारून बघितला तर डोकं लॅमिनेट फोडून आत गेलं. माझ्यासाठी नाही. ॲल्युमिनियम-यूपीव्हीसी खिडक्यावाल्यांनी आणि पत्र्यावाल्यांनी मात्र तोच बघावा.

ब्रशलेस घ्यायचं की साधं, यावर मी जास्त वेळ घालवला नाही. साध्या मोटरला कार्बन असतात, घासतात, झिजतात, बदलता येतात, दोनशे-तीनशेचं काम. ब्रशलेसला कार्बनच नाही, गरम कमी होतं, त्याच बॅटरीत काम जास्त निघतं, आणि मोटर छोटी म्हणून मशीन बुटकं. किंमत तीन-चार हजार जास्त. रोज वापर असेल तर घ्या, आठवड्यातून एकदा असेल तर साधं पुरे.

जास्त विचार लागला तो बॅटरीच्या घरावर. मी त्याला घर म्हणतो, कारण एकदा एका कंपनीच्या बॅटरीत शिरलात की पुढची सगळी मशीन तिथलीच घेणं परवडतं. बॉशची बॅटरी मकिताला बसत नाही, मकिताची डिवॉल्टला बसत नाही. आणि सुट्टी ४ एएचची बॅटरी घ्यायला जा, जवळजवळ अर्ध्या मशीनची किंमत. पण एकदा दोन-तीन बॅटऱ्या झाल्या की पुढची मशीन नुसती बॉडी मिळतात, सोलो म्हणतात, ती स्वस्त पडतात. मी मकिताच्या घरात गेलो आणि त्याचं कारण मशीनपेक्षा वेगळं आहे. माझ्या रोजच्या संपर्कातले दोन फिटर त्याच १८ व्होल्टच्या बॅटऱ्या वापरतात, अडीअडचणीला एकमेकांची मागता येते, चार्जर विसरला तर चालतं. तुमच्या आजूबाजूला बॉशवाले असतील तर बॉश घ्या, मला विचाराल तर या तिघांमध्ये आपल्या कामापुरता फरक शोधत बसू नका, सर्व्हिस सेंटर तुमच्या रोजच्या रस्त्यावर कुणाचं आहे ते बघा.

शेवटी १८ व्होल्ट, ब्रशलेस, बिनइम्पॅक्टचं, १३ एमएम चक, २ एएचच्या दोन बॅटऱ्या आणि चार्जर, जीएसटीसकट १३ हजार ४०० ला पडलं. शेठ म्हणाले बिल नको असेल तर अजून थोडं कमी करतो, मी बिलच घेतलं, कारण वॉरंटी बिलावर चालते, आणि ऑनलाइन रजिस्टर करायचं असतं ते भाच्याने त्याच रात्री करून दिलं. बॅटरीचा सीरियल नंबर पण बिलावर लिहून घ्या, बाजारात नावाजलेल्या कंपन्यांच्या डुप्लिकेट बॅटऱ्या भरपूर आहेत, हातात घेतल्या की वजनाला हलक्या लागतात बऱ्याचदा. आणि राहिलेल्या पैशात एक वायरवाला टू-ट्वेंटी सिक्स हॅमर सेकंडहँड घेतला, ४२०० ला, एका प्लंबरकडून.

आता चौदा महिने झाले. एका २ एएचच्या बॅटरीवर ३५ चे स्क्रू अडीचशेच्या आसपास निघतात, दोन बॅटऱ्यांत दिवस आरामात जातो, जेवणाच्या सुट्टीत एक चार्जिंगला. मरीन प्लायमधले कप लो गिअरला एका दमात. वजन बॅटरीसकट दीड किलोच्या आत-बाहेर, ओव्हरहेडला पहिले आठ-दहा दिवस खांदा भरून यायचा, मग सवय झाली. बिजागरीचे स्क्रू सगळे क्लच ३ वर, हेल्परला पण तेच सांगून ठेवलंय, आणि गेल्या चौदा महिन्यांत लोंबलेल्या शटरचा एकही फोन नाही.

बॅटरीचं एक सांगायलाच पाहिजे. आमचे जुने मेस्त्री शिकवून गेले की बॅटरी पूर्ण मेल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. ते जुन्या निकेल कॅडमियमच्या बॅटऱ्यांचं होतं, तेव्हा ते बरोबर होतं. लिथियमला उलटं, पूर्ण मारत बसू नका, ताकद कमी वाटली की काढा आणि चार्ज करा. आणि ऊन. मे महिन्यात गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवून मी एकदा चार तास विसरलो, चार्जरला लावली तर लाल दिवा लुकलुकत राहिला, चार्ज घेईना. घाबरलो होतो, पण पंख्याखाली अर्धा तास ठेवल्यावर नीट घेतलं. गरम बॅटरी चार्जर घेतच नाही, तेवढी अक्कल चांगल्या चार्जरमध्ये असते. त्या २८०० वाल्याच्या चार्जरमध्ये नव्हती.

मेव्हणा इलेक्ट्रिशियन आहे, सातारा रोडला, त्याचं जास्त काम जुन्या विटेच्या घरांत. तो माझं बघून तेच घ्यायला निघाला होता. मी म्हणलं, दाजी थांबा, आधी आठ दिवस मोजा. त्यांचे आकडे माझ्या उलटे आले, भिंतीत होल दिवसाला चाळीस-पन्नास, सगळे ६ चे, सगळे विटेत, आणि लाकडात जवळजवळ शून्य. त्यांनी १८ चं इम्पॅक्टवालं घेतलं आणि त्यांच्यासाठी तेच बरोबर आहे, वीट-प्लास्टरमध्ये ६ चं होल पंधरा सेकंदात, हॅमर काढावाच लागत नाही.

चक आता थोडा सैल वाटतोय, ३ च्या बारीक बिटला पकड कमी झालीये. चक बदलता येतो, आत एक उलट्या आट्याचा स्क्रू असतो तो घड्याळाच्या दिशेने फिरवून काढायचा आणि मग चक सोडवायचा, पुढच्या रविवारी भाचा आला की करणार आहे. सोमवारपासून रावेतला तीन किचन आहेत, मायवानच आहे, काल जाऊन भिंतीवर हातोडी मारून बघून आलो. हॅमरला ग्रीस लावून ठेवलंय आणि एसडीएसचे ८ चे दोन नवीन बिट आणलेत.